मंचाव सूपमधला गहू

ठाण्याच्या गोखले रस्त्यावर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये एखाद्या चायनीज हॉटेलात बसून ‘सुपात मैदा असतो का?’ असे विचारले, तर बहुतेक वेळा ‘नाही, कॉर्नफ्लोअर असते’ हे उत्तर मिळते. उत्तर देणारा खरे तेच सांगत असतो. हॉट अँड सावर असो, मंचाव असो किंवा स्वीट कॉर्न, या सुपांना दाटपणा येतो तो मक्याच्या स्टार्चमुळे, आणि मक्यात सेलिअ‍ॅक या आतड्याच्या आजाराच्या रुग्णाला बाधणारे ग्लुटेन नसते. तरीही ज्याला डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद करायला सांगितला आहे, त्याने एवढ्या उत्तरावर विसंबून सूप मागवू नये, कारण या सुपात गहू शिरतो तो वेगळ्याच वाटांनी.

ग्लुटेन हा गव्हातील प्रथिनांचा समूह आहे. मळलेली कणीक पाण्याखाली चोळून धुतली की स्टार्च वाहून जातो आणि हातात जो चिवट, ताणला जाणारा गोळा उरतो, तो बव्हंशी ग्लुटेनचाच असतो. बार्ली आणि राय या धान्यांतही त्याच कुळातील प्रथिने असतात. यांपैकी ग्लायडिन या प्रथिनात प्रोलीन आणि ग्लुटामीन ही अमिनो आम्ले इतक्या दाटीने असतात की आपल्या पाचकरसांना त्याचे पुरते तुकडे करता येत नाहीत. ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा तर जठर, स्वादुपिंड आणि आतडे या तिन्ही ठिकाणच्या एन्झाइम्सना दाद देत नाही, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. बहुतेकांना याचा काहीच त्रास होत नाही. मात्र एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हा जनुकीय वारसा असलेल्या काही व्यक्तींत ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे एन्झाइम या तुकड्यांत असा बदल घडवते की रोगप्रतिकारक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, आणि त्या धुमश्चक्रीत लहान आतड्याच्या अस्तरावरचे, अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. गव्हाशी असलेले या सेलिअ‍ॅक आजाराचे नाते नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तिथे पावाचा तुटवडा होता तेव्हा ही आजारी मुले सुधारली आणि पाव परत मिळू लागताच पुन्हा खंगली, तेव्हा त्यांचा आधीपासूनचा संशय बळावला. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध सादर केला.

प्रश्न खरा प्रमाणाचा आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार, तसेच आपल्या एफएसएसएआयच्या (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या) नियमांनुसार, किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसलेल्या पदार्थालाच ‘ग्लुटेन फ्री’ म्हणता येते. अडीचशे ग्रॅमच्या एका बाऊलला ही मर्यादा लावली, तर त्यात फार तर ५ मिलिग्रॅम ग्लुटेन चालेल. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले तर आतड्याच्या अस्तराची हानी होऊ शकते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवूनच सुपाकडे पाहावे.

मंचाव सुपावर जे कुरकुरीत तळलेले नूडल्स पसरतात, ते मैद्याचे असतात. चिमूटभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम नूडल्स धरले, त्यांतील तेल वजा जाता ४ ग्रॅम मैदा मानला, तर मैद्यातील साधारण १० टक्के प्रथिने आणि त्यांपैकी बहुतांश ग्लुटेन या हिशेबाने ३०० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन त्या एका चिमटीत येते. बाऊल समोर आल्यावर नूडल्स चमच्याने बाजूला काढणे हा यावरचा उपाय नव्हे. तोवर त्यांचा चुरा सुपात विरघळलेला असतो आणि उकळत्या सुपाच्या उष्णतेने ग्लुटेन नष्ट होत नाही. तळणीच्या तेलातही ते नष्ट होत नाही. म्हणून ‘नूडल्स नकोत’ हे ऑर्डर देतानाच सांगावे लागते.

नूडल्स निदान डोळ्यांना दिसतात. त्याहून अवघड प्रकरण सोया सॉसचे आहे. नावात सोयाबीन असले तरी पारंपरिक सोया सॉस सोयाबीन आणि गहू अशा दोन धान्यांतून तयार होतो. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जपानी प्रकारात तर दोन्ही जवळपास समप्रमाणात असतात. सोयाबीन वाफवतात, गहू भाजून भरडतात, दोन्ही एकत्र करून त्यावर अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवतात आणि दोनतीन दिवसांनी ते मिश्रण तीव्र मिठाच्या पाण्यात घालून महिनोन्‌महिने मुरू देतात. या काळात बुरशीची एन्झाइम्स प्रथिनांचे तुकडे करत जातात आणि त्यातूनच सॉसची ती खोल, मांसल चव येते.

यावर कोणी साहजिकच विचारेल की ग्लुटेनचेही तुकडे झाले असतील, मग भीती कशाची? प्रयोगशाळेत तपासलेल्या कित्येक सोया सॉसमध्ये ग्लुटेन २० मिलिग्रॅमच्या मर्यादेखाली आढळते, हेही खरे आहे. परंतु ती चाचणी कशी चालते हे समजून घेतले पाहिजे. ग्लुटेन मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, सँडविच एलायझात, रेणूच्या दोन वेगवेगळ्या जागी दोन प्रतिपिंडे चिकटावी लागतात, तरच तो रेणू मोजला जातो. आंबवण्यात तुटून आखूड झालेल्या तुकड्यावर अशी एकच जागा उरली, तर तो चाचणीच्या नजरेतून निसटतो, मात्र रोगप्रतिकारक पेशीला चेतवायला तो तुकडा पुरेसा असू शकतो. आखूड तुकड्यांसाठी वेगळी, स्पर्धात्मक एलायझा पद्धत आहे, पण तिच्या आकड्यावरून मूळ ग्लुटेन किती होते हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये आंबवलेल्या पदार्थांसाठी असा नियम केला की तयार मालाच्या चाचणीवर विसंबू नये. कच्चा माल आंबवण्यापूर्वीच ग्लुटेनमुक्त होता याच्या नोंदी उत्पादकाने ठेवाव्यात. मला ही भूमिका योग्य वाटते. एखादी गोष्ट मोजता येत नाही एवढ्यावरून ती नाही असे मानण्याचा धोका रुग्णाने का पत्करावा? गहू घालून केलेला सोया सॉस सेलिअ‍ॅकच्या रुग्णाने टाळावा, हाच सल्ला सुज्ञपणाचा आहे.

व्हिनेगरविषयी मात्र आपल्याकडे फारशी चिंता नको. चीनमधील झेनजियांगचे प्रसिद्ध काळे व्हिनेगर चिकट तांदळाचे असले तरी त्याच्या प्रक्रियेत गव्हाचा कोंडा वापरतात, आणि शान्शीच्या व्हिनेगरात ज्वारीबरोबर बार्लीही असते. आपल्या हॉटेलांत मात्र बहुधा पांढरे सिंथेटिक व्हिनेगर असते आणि ते पाणी घातलेले अ‍ॅसेटिक आम्ल असल्याने त्यात धान्याचा अंशही नसतो. अजिनोमोटोबद्दल उगाच भीती पसरलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते खरोखरच गव्हाच्या ग्लुटेनपासून काढत असत, पण गेली अनेक दशके उसाची मळी किंवा स्टार्च यांवर जिवाणू वाढवून ते तयार केले जाते.

स्वयंपाकघराची पाहणी केल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. ज्या कढईत क्षणापूर्वी हक्का नूडल्स परतले, तीच कढई पाण्याने खळबळून त्यात सूप उकळले जाते. पळी तीच, स्टॉकचे पातेलेही तेच. गाडीवर एका शेगडीवर सगळे पदार्थ करणाऱ्या माणसाकडून वेगळ्या भांड्याची अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय आहे. मोठ्या हॉटेलात विचारायला हरकत नाही. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी, असा एफएसएसएआयचा नियमच आहे.

इतर सुपांचे थोडक्यात सांगायचे तर वाँटन सुपाची पारी मैद्याचीच असते, त्यामुळे ते बादच. अंड्याची धार सोडून केलेले साधे सूप आणि स्वीट कॉर्न सूप ही दोन त्यातल्या त्यात जवळची, कारण त्यांत सोया सॉसवाचून अडत नाही. तरी स्टॉकसाठी वापरलेल्या क्यूबमध्ये गव्हापासून केलेले प्रथिन आहे का, हे पाहावे लागते. पाकिटातल्या सूप पावडरीत दाटपणासाठी मैदा असू शकतो. त्याचा उल्लेख पाकिटामागे घटकांच्या यादीत असतो आणि तो वाचण्याला पर्याय नाही.

ज्यांना निदान न होताच गहू सोडावासा वाटतो, त्यांनी आधी रक्तातील टीटीजी, म्हणजे ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी. गहू सोडल्यावर ही प्रतिपिंडे उतरत जातात आणि मग तपासणीतून काही कळत नाही. काहींना होणारा पोटफुगीचा त्रास ग्लुटेनऐवजी गव्हातील फ्रुक्टन या शर्करांमुळे असतो, आणि सुपातल्या लसूण-कांद्यातही फ्रुक्टन भरपूर असतात. अशांचा त्रास सोया सॉस बदलून थांबणार नाही.

हे सूप घरी करणे अवघड नाही. गाजर, कोबी, फरसबी, आले-लसूण, पांढरी मिरी, व्हिनेगर आणि शुद्ध कॉर्नफ्लोअर यांपैकी कशातच गहू नाही. सोया सॉसच्या जागी तामारी हा मुख्यतः सोयाबीनचाच जपानी सॉस घ्यावा, आणि बाटलीवर ‘ग्लुटेन फ्री’ असे स्पष्ट लिहिलेले पाहूनच घ्यावा, कारण काही तामारीतही थोडा गहू असतो. तो न मिळाल्यास सुके मशरूम कोमट पाण्यात भिजवून ते पाणी मिठासह सुपात घालावे. त्यातील ग्लुटामेट आणि ग्वानिलेटमुळे चवीला तशीच खोली येते. ज्या घरात सेलिअ‍ॅकचा रुग्ण आहे, तिथे रोजच्या आमटीच्या हिंगाची डबीही एकदा तपासावी, कारण बाजारातील पुष्कळ हिंगांत गव्हाचे पीठ मिसळलेले असते. सुपावरच्या कुरकुरीतपणासाठी तांदळाच्या शेवया तळाव्यात. गरम तेलात त्या क्षणात फुलतात. तेल मात्र ताजे असावे. ज्यात आधी पुऱ्या किंवा मैद्याच्या शंकरपाळ्या तळल्या आहेत, ते तेल यासाठी वापरू नये.