दुसऱ्या मॉडेलचं पुढचं चाक बसवायचंय? आरटीओत अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० बाइकला त्याच कंपनीच्या हंटर ३५० चं पुढचं मॅगव्हील (अलॉय चाक) बसवायचं आणि मग आरसीवर नोंद करून घ्यायला जायचं, असं करणारे बहुतेक जण आरटीओतून हात हलवत परत येतात. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, इंजिन सारखंच, मग अडचण काय, असं त्यांना मनापासून वाटतं.

अडचण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून आधी मोजमाप बघा. क्लासिकचा पुढचा टायर १००/९०-१९ (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत), हंटरचा ११०/७०-१७. हिशेब केला तर चाकाचा व्यास साधारण ७७ मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे गाडीचं नाक जवळजवळ ३८ मिलिमीटर खाली येतं. हँडलिंग बदलतं. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर चाकाच्या फेऱ्या मोजतो, त्यालाही चुकीचा वेग कळतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताना हा फरक जिवावर बेतू शकतो, त्यामुळे इथे निरीक्षक नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका.

तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटचं, त्याच मापाचं चाक (स्पोकच्या जागी कंपनीचं अलॉय) असेल तर गोष्ट वेगळी. गाडीची मूळ रचना त्यात बदलत नाही. अधिकृत डीलरचं बिल मात्र जपून ठेवा.

आता तो कुणाकडेच नसलेला कागद. हे चाक या मॉडेलसाठी मंजूर आहे, असं गाडीच्या कंपनीचं लेखी पत्र. शोरूमवाले ‘गरज नाही हो’ म्हणतात, आरटीओ त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि सामान्य माणूस दोघांमध्ये खेटे घालत राहतो. हे पत्र चाक विकत घेण्याआधी मागा. मिळत नसेल तर पैसे घालू नका. एजंट ‘एआरएआयचं (वाहनं तपासून मंजुरी देणारी पुण्याची संस्था) सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणाला तर सावध राहा: ती मंजुरी कंपनीला तिच्या मॉडेलसाठी मिळते, तुमच्या एकट्या गाडीसाठी नाही. रिमवरचा आयएसआय शिक्काही फक्त रिमबद्दल बोलतो, ती तुमच्या गाडीला चालेल की नाही याबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरा घोळ चौदा दिवसांचा. बदल केल्यापासून १४ दिवसांत तो नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचा, असं कायदा म्हणतो. लोक ते ‘चौदा दिवस सूट आहे’ असं वाचतात. न चालणारा बदल पहिल्या दिवशी कळवला तरी तो न चालणाराच राहतो.

बाकीचं नेहमीचंच. परिवहनच्या पोर्टलवर वाहनातील बदलाचा अर्ज, फी, अपॉइंटमेंट, मग गाडी तपासणीला. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, चाकाचं बिल. कर्ज चालू असेल तर बँकेचं संमतीपत्र आधी घ्या. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लावूनच जा, आणि थकलेली चलानं भरून टाका. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा काढतील.

खिडकीवर तोंडी ‘होणार नाही’ ऐकून घरी येऊ नका. नकार लेखी मागा, कारणासह. कलम ५७ प्रमाणे आदेशाची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, पण हातात कागदच नसेल तर अपील कशाविरुद्ध करणार? आणि निकाल लागेपर्यंत मूळ चाक भंगारात देऊ नका, तेच परत बसवायची वेळ येऊ शकते.