फोक्सवॅगन

जर्मनीतील मोटारगाड्या बनवणारी कंपनी. स्थापना २८ मे १९३७, बर्लिन. मुख्यालय लोअर सॅक्सनी राज्यातील वोल्फ्सबुर्ग येथे. हे शहर या कारखान्यासाठीच वसवले गेले. ‘फोल्क’ म्हणजे लोक, ‘वागन’ म्हणजे गाडी, म्हणून नावाचा सरळ अर्थ लोकांची गाडी. जर्मन उच्चार ‘फोल्क्सवागन’ असला तरी मराठीत फोक्सवॅगन हेच रूप रुळले आहे. ऑडी, स्कोडा, सेआट, पोर्शे, बेंटली, लॅम्बोर्गिनी ही नावे आज याच समूहात मोडतात.

या कंपनीच्या नावाने सामान्य माणसाला दोनदा मोठा शब्द दिला गेला आणि दोन्ही वेळा तो मोडला: एकदा १९३८ मध्ये स्वस्त गाडीचा, दुसऱ्यांदा २००८ नंतर स्वच्छ धुराचा. मधल्या काळात याच नावाने भरवशाची गाडी म्हणून जगभर जी पत कमावली, तशी फार थोड्या कंपन्यांच्या वाट्याला आली आहे. तिचा इतिहास म्हणजे मुख्यतः या विश्वासाचाच इतिहास आहे.

उगम

सामान्य कुटुंबाला परवडेल अशी छोटी गाडी हवी, ही कल्पना हिटलरची नव्हे. १९२० च्या दशकापासून जर्मनीत तिची चर्चा होती. ‘मोटर-क्रिटिक’ या नियतकालिकाचे संपादक आणि अभियंते योझेफ गान्झ यांनी तिचा पिच्छाच पुरवला. १९३१ मध्ये ‘माइकेफर’ नावाची प्रायोगिक गाडीही त्यांनी बनवून घेतली. गान्झ ज्यू होते. नाझी सत्तेवर येताच त्यांना अटक झाली आणि पुढे देश सोडावा लागला. चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीसाठी हान्स लेडविंका यांनी आखलेल्या गाड्यांतही इंजिन मागे आणि थंड करायला वारा, अशीच रचना होती. त्यावरून टाट्राने लावलेला दावा नाझींनी तो देश गिळल्यावर गुंडाळला गेला, युद्धानंतर पुन्हा उभा राहिला आणि अखेर भरपाई देऊन मिटवावा लागला. १९३४ मध्ये आराखड्याचे काम मिळालेले फेर्डिनांड पोर्शे कसबी होते यात शंका नाही. पण गाडीचे सगळे श्रेय त्यांच्या एकट्याच्या पदरात टाकणे न्यायाचे नाही.

किंमत ठरली ९९० मार्क. त्या किमतीत गाडी बनवणे कोणत्याही खाजगी कंपनीला परवडणारे नव्हते, म्हणून काम ‘जर्मन श्रमिक आघाडी’कडे गेले. नाझींनी १९३३ मध्ये कामगार संघटना मोडून त्यांची जी मालमत्ता बळकावली होती, तो पैसा या कारखान्यात ओतला गेला. २६ मे १९३८ रोजी फालर्सलेबेन गावाजवळ हिटलरच्या हस्ते पायाभरणी झाली. गाडीला श्रमिक आघाडीच्या करमणूक विभागाचे नाव चिकटले: ‘आनंदातून शक्ती’ गाडी.

गाडी रोखीने विकत मिळणार नव्हती. बचत करणाऱ्याला एक कार्ड दिले जाई. त्यावर दर आठवड्याला किमान ५ मार्कांचे तिकीट चिकटवायचे. कार्ड तिकिटांनी भरले की दुसरे, मग तिसरे. आठवड्याला पाचच मार्क टाकले तर ९९० भरायला जवळजवळ चार वर्षे लागत, आणि विम्याची रक्कम त्यावर वेगळी. व्याज नाही, कार्ड दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, मध्येच थांबलात तर भरलेले पैसेही हातचे गेले. आपल्याकडच्या भिशीत उशिरा का होईना पाळी येते. इथे सुमारे ३,३६,००० लोकांनी पै पै साठवून तिकिटे चिकटवली आणि त्यांतल्या एकालाही या योजनेतून गाडी मिळाली नाही. युद्धकाळात ज्या काहीशे गाड्या बनल्या त्या सत्ताधाऱ्यांच्या दारात उभ्या राहिल्या. युद्धानंतर बचतदारांनी कोर्टाची पायरी चढली. तो खटला १९६१ पर्यंत चालला आणि तडजोड झाली ती अशी: नवी गाडी घेतल्यास जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट, नाही तर रोख १०० मार्क.

युद्धकाळ आणि वेठबिगार

युद्ध सुरू झाल्यावर कारखाना लष्कराच्या कामाला जुंपला गेला. पुढे बीटल म्हणून गाजलेल्या याच गाडीच्या सांगाड्यावर ‘क्यूबेलवागन’ ही लष्करी गाडी आणि पाण्यातही चालणारी ‘श्विमवागन’ बनू लागली. पुढे व्ही-१ या उडत्या बॉम्बचे भागही. हे काम करणारे हात मुख्यतः सक्तीने आणलेले होते. पोलंड, सोव्हिएत संघ, फ्रान्स आणि इटलीतून आणलेले मजूर व युद्धकैदी, छळछावण्यांतले कैदी, आउश्विट्झहून आणलेल्या हंगेरियन ज्यू स्त्रिया असे सुमारे २०,००० लोक इथे राबले. १९४४ मध्ये कारखान्यातल्या दर तिघांपैकी दोघे सक्तीने आणलेले होते. पोलिश व सोव्हिएत मजूर स्त्रियांची नवजात बाळे त्यांच्यापासून तोडून कारखान्याच्या बालगृहात ठेवली जात. र्‍यूएन गावातल्या या बालगृहात उपासमार आणि अस्वच्छतेने शेकडो अर्भके दगावली. त्याबद्दल कारखान्याच्या डॉक्टरला ब्रिटिश लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला आणि १९४७ मध्ये तो अमलात आला.

कंपनी याविषयी दीर्घकाळ गप्प राहिली. पुढे तिनेच इतिहासकार हान्स मॉमसेन यांना आपले दप्तर मोकळे करून दिले आणि १९९६ मध्ये त्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९८ मध्ये हयात वेठबिगारांसाठी मदतनिधी उभारला गेला आणि कारखान्याच्या आवारातल्या, हवाई हल्ल्यापासून बचावासाठी बांधलेल्या एका बंकरमध्ये १९९९ मध्ये स्मृतिस्थळ उघडले. अर्धे शतक उलटल्यावर झालेले हे काम होते आणि तोवर बहुतेक मजूर हयात नव्हते. तरीही स्वतःच्या कारखान्याच्या पोटात अशी जागा ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे.

बीटल

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य पोचले, त्यांच्या मागून ताबा ब्रिटिशांकडे आला. शहराचे नाझी नाव पुसून जवळच्या गढीवरून ‘वोल्फ्सबुर्ग’ ठेवले गेले. बॉम्बहल्ल्यांनी छपरे उडाली होती. एक न फुटलेला बॉम्ब यंत्रांच्या मधोमध अडकून पडला होता. तो फुटला असता तर ही नोंद इथेच संपली असती. ब्रिटिश लष्कराच्या यांत्रिकी दलातले मेजर आयव्हन हर्स्ट यांच्या हाती कारखाना सोपवला गेला. यंत्रे उखडून न्यायची की जागा मोडीत काढायची, असा विचार चालू होता. हर्स्ट यांनी एक शिल्लक गाडी शोधली, तिला लष्करी हिरवा रंग दिला आणि मुख्यालयात पाठवली. सैन्याला गाड्यांची चणचण होतीच. ऑगस्ट १९४५ मध्ये २०,००० गाड्यांची मागणी आली. त्या वर्षी प्रत्यक्षात ५५ गाड्या बाहेर पडल्या, पण कारखाना वाचला. ब्रिटिश मोटारउद्योगातल्या तज्ज्ञांनी गाडी तपासून ती बाजारात चालणार नाही असा निर्वाळा दिला; फोर्डनेही कारखाना घेण्यात रस दाखवला नाही.

जानेवारी १९४८ मध्ये ओपेलमधून आलेले हाइनरिश नोर्डहोफ प्रमुख झाले. गाडीचे रूप दरवर्षी बदलायचे नाही, आतले दोष मात्र एकेक करून काढत राहायचे, आणि जिथे गाडी विकायची तिथे आधी सुटे भाग व दुरुस्तीची सोय पोचवायची, हे त्यांचे धोरण. बीटलची पत मुख्यतः सुट्या भागांच्या व दुरुस्तीच्या या सोयीवर उभी राहिली, असे म्हणायला हरकत नाही. गाडीची रचनाही सरळ होती. मागच्या बाजूला चार सिलिंडरचे आडवे इंजिन, रेडिएटर नाहीच. पाणीच नाही, त्यामुळे हिवाळ्यात गोठणे नाही आणि घाटात उकळणे नाही. ५ ऑगस्ट १९५५ रोजी दहा लाखावी गाडी बाहेर आली.

गोलसर पाठीमुळे जर्मन लोक तिला ‘केफर’, म्हणजे भुंगेरा, म्हणत. इंग्रजीत ती बीटल झाली. अमेरिकेत भल्यामोठ्या, पंखवाल्या गाड्यांचा जमाना असताना न्यूयॉर्कच्या डॉइल डेन बर्नबाख या जाहिरातसंस्थेने १९५९ पासून तिच्या जाहिराती केल्या. पांढऱ्या कोऱ्या पानावर कोपऱ्यात एवढीशी गाडी आणि खाली शब्द: ‘थिंक स्मॉल’. दुसऱ्या एका जाहिरातीत चकचकीत नव्या गाडीखाली ‘लेमन’, म्हणजे सदोष माल, एवढेच लिहिले होते. खालचा मजकूर वाचला की कळे: आतल्या कप्प्यावरच्या पट्टीला डाग पडला म्हणून तपासनिसाने ही गाडी परत पाठवली. उणीव न लपवता सांगायची आणि त्यातूनच विश्वास मिळवायचा, असा तो रोख होता. संस्थेच्या संस्थापकांत ज्यू होते, आणि हिटलरच्या गाडीला अमेरिकेत माणसांत आणले ते त्यांनी.

१७ फेब्रुवारी १९७२ रोजी १,५०,०७,०३४ वी बीटल बनली आणि फोर्डच्या ‘मॉडेल टी’चा विक्रम मागे पडला. शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्लात बनली. एकूण संख्या २,१५,२९,४६४.

गोल्फ, सरकार आणि कामगार

एकाच गाडीवर विसंबण्याची किंमत कंपनीने सत्तरीच्या सुरुवातीला मोजली. विक्री घसरली आणि १९७४ मध्ये ८०० दशलक्ष मार्कांहून जास्त तोटा झाला. तारले ते १९६५ च्या सुमारास विकत घेतलेल्या ऑटो युनियनच्या, म्हणजे ऑडीच्या तंत्राने: पुढे इंजिन, पाण्याने थंड होणारे, ओढ पुढच्या चाकांची. १९७३ ची पसाट आणि इटालियन आरेखक जॉर्जेट्टो जुजारो यांच्या हातची १९७४ ची गोल्फ या त्यातल्या मुख्य गाड्या. बीटल ज्यांना आवडत नसे तेही गोल्फला नावे ठेवत नसत.

मालकीची रचना इतर मोटार कंपन्यांहून वेगळी आहे. १९६० च्या खास कायद्याने कंपनी भागधारकांकडे गेली, पण लोअर सॅक्सनी राज्याने २० टक्के मतांचा वाटा राखला आणि मोठ्या निर्णयांवर त्याचा वचक राहिला. कामगार संघटनेचे वजनही मोठे. १९९३ मध्ये ३०,००० जणांच्या नोकऱ्यांवर गदा येणार होती, तेव्हा सर्वांनीच आठवड्याला २८.८ तास काम करावे, चार दिवस यावे, आणि कोणालाही काढू नये असा करार झाला. कारखान्याच्या कँटीनसाठी बनणाऱ्या मसालेदार सॉसेजला कंपनीच्या यादीत सुट्या भागाचा क्रमांक आहे, १९९ ३९८ ५०० ए. वोल्फ्सबुर्गच्या लोकांना त्याचा अभिमान वाटतो. याच कंपनीच्या ब्राझीलमधल्या शाखेने तिथल्या लष्करी राजवटीला कामगारांच्या दडपशाहीत साथ दिली होती. त्याची भरपाई २०२० मध्ये मान्य झाली.

डिझेल प्रकरण

१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोटीस काढली आणि जगभर खळबळ उडाली. सुरुवात मात्र अगदी साधी होती. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी जेट्टा आणि पसाट या गाड्यांच्या मागे धूर मोजणारे यंत्र बांधून त्या रस्त्यावर पळवल्या. प्रयोगशाळेत नियमात बसणारी जेट्टा रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती.

युक्ती संगणकप्रणालीत होती. चाचणीच्या वेळी गाडी रोलरवर उभी असते: चाके फिरतात पण स्टिअरिंग हलत नाही, वेग ठरलेल्या क्रमाने चढतो-उतरतो. एवढ्यावरून गाडी ओळखे की आपली तपासणी चालली आहे, आणि धूर साफ करणारी यंत्रणा पूर्ण जोराने चालवे. रस्त्यावर आली की ती ढिली सोडे. पीयूसीच्या केंद्रावर शहाण्यासारखी उभी राहणारी आणि फाटकाबाहेर पडताच धुराचे लोट सोडणारी गाडी डोळ्यांपुढे आणावी. फरक एवढाच की इथे लबाडी गाडीच्या मालकाची नव्हती, त्यालाही ती ठाऊक नव्हती. ‘क्लीन डिझेल’ म्हणून त्याने जास्त पैसे मोजले होते. म्हणूनच हा गुन्हा केवळ नियमभंगाचा ठरत नाही.

जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही प्रणाली होती. मुख्याधिकारी मार्टिन विंटरकोर्न यांनी पाच दिवसांत राजीनामा दिला. दंड, भरपाई आणि गाड्या परत घेणे यांवर ३० अब्ज युरोंहून अधिक खर्च झाला. मे २०२५ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. त्यांतल्या दोघांना तुरुंगवास झाला.

या प्रकरणानंतर कंपनीने विजेच्या गाड्यांकडे मोहरा वळवला, पण चीनमध्ये, जिथे १९८४ पासून तिचे बस्तान होते, तिथे बीवायडी या चिनी कंपनीने २०२३ मध्ये तिला मागे टाकले. डिसेंबर २०२४ च्या करारानुसार २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० हून अधिक नोकऱ्या कमी होणार आहेत.

महाराष्ट्रात

समूहाचे भारतातले पहिले पाऊल औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात पडले. शेंद्रा येथे २००१ मध्ये स्कोडाची ऑक्टेव्हिया जुळू लागली. पुण्याजवळ चाकणचा कारखाना ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिथून पोलो निघाली. २१ सप्टेंबर २०१० ची सकाळ अनेकांच्या लक्षात असेल: व्हेंटोच्या जाहिरातीसाठी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली काळी डबी उजेड लागताच बोलू लागली होती.

पत्रा जाड, गाडी रस्ता धरून चालते, एक्स्प्रेस-वेवर हलत नाही. पण सर्व्हिस महाग, असे मत इथे पक्के झाले. जाड पत्र्याची ही ख्याती सुरक्षिततेची हमी नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला एकही तारा मिळाला नाही. कंपनीने तो प्रकार विक्रीतून काढून टाकला आणि दोन एअरबॅग सर्व पोलोंत दिल्या. तशा गाडीला चार तारे मिळाले. चाकणच्या तैगुन आणि व्हर्टस यांना पुढे पाच-पाच मिळाले.

डिझेल प्रकरणात भारतातल्या सुमारे ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्यात आल्या; त्याआधीच्या चाचण्या पुण्याच्याच एआरएआय या संस्थेने केल्या होत्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, पण त्यापोटी सक्तीची कारवाई करण्यास सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. त्याच वर्षी समूहाच्या भारतातल्या कंपन्या स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया या एका नावाखाली एकत्र आल्या. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले.