राजाच्या अंमलदारांपासून वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांपर्यंत: अमेरिकी पुराणमतवादी तक्रारीची पार्श्वभूमी

४ जुलै १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले 'सर्व माणसे जन्मतः समान आहेत' हे वाक्य जगभर पाठ झाले आहे. त्या दस्तऐवजाचा मोठा भाग मात्र तत्त्वचिंतनाचा नाहीच. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्याविरुद्धच्या तक्रारींचा तो पाढा आहे. मोजल्या तर सत्तावीस भरतात. त्यांतली एक अशी: राजाने नवनव्या कचेऱ्या उभ्या केल्या आणि अंमलदारांच्या झुंडी पाठवून आमच्या लोकांना छळले, त्यांची कमाई खाऊन टाकली. 'संस्थापकांची मूल्ये धोक्यात आहेत' असे आजचा अमेरिकी पुराणमतवादी म्हणतो, तेव्हा त्याचे बोट समानतेच्या वाक्यापेक्षा या तक्रारीवर जास्त असते.

मराठीत 'पुराणमतवादी' म्हटले की सोवळेओवळे डोळ्यांपुढे येते, म्हणून एक खुलासा. युरोपातला पुराणमतवादी सिंहासन आणि चर्च राखायला निघाला होता. अमेरिकेत राखायला सिंहासनच नव्हते. जे राखायचे ते एका क्रांतीचे अपत्य होते. केंद्राला मोजूनमापून दिलेले अधिकार, खाजगी मालमत्ता, राज्यांची स्वायत्तता, धर्माचरणाचे आणि शस्त्र बाळगण्याचे स्वातंत्र्य ही त्याची यादी. या यादीच्या तळाशी प्रश्न एकच आहे: कायदा करायचा कोणी?

१७८१ पासूनच्या पहिल्या व्यवस्थेत केंद्राला कर बसवता येत नव्हता. राज्यांपुढे हात पसरायचे आणि मिळेल त्यात भागवायचे. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केले, तेव्हा ही व्यवस्था किती पोकळ आहे ते उघडे पडले. फिलाडेल्फियात २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात ५५ प्रतिनिधींनी खल केला आणि ३९ जणांनी नव्या राज्यघटनेवर सह्या केल्या. तिच्या पहिल्याच कलमात कायदे करण्याचे सारे अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाला दिले. सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडणार, प्रतिनिधी जनता निवडणार, न्यायाधीश तहहयात राहणार. माणसे देवदूत नसतात, म्हणून एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेनेच अडवायचे, असे समर्थन घटनाकारांपैकी एक असलेल्या मॅडिसनने, नव्या घटनेच्या बाजूने लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' या मालेतल्या ८५ लेखांपैकी एक्कावन्नाव्यात केले.

विरोधकांना हेही केंद्र फार बळकट वाटले. त्यांच्या रेट्यामुळे १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या. त्यांतली दहावी सांगते की केंद्राला न दिलेले आणि राज्यांना न नाकारलेले अधिकार राज्यांचे किंवा जनतेचे. आजचा पुराणमतवादी दोन्ही पक्षांचा वारसा सांगतो, ही मौज आहे. बळकट, चपळ राष्ट्राध्यक्ष हवा म्हणणारा 'फेडरलिस्ट'चा दुसरा लेखक हॅमिल्टन त्याला हवा असतो, आणि त्याच हॅमिल्टनला घाबरणारेही हवे असतात. पुढच्या दोनशे वर्षांतल्या बऱ्याच भांडणांचे बी इथेच पडले.

संस्थापकांच्या घटनेत गुलामगिरी होती. लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, आणि गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी नाही. लिंकनने १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या भाषणात 'सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी' म्हणत हिशेब १७८७ पासून नव्हे, १७७६ पासून धरला. घटनेतल्या तडजोडीवर त्याने जाहीरनाम्यातल्या समतेची सरशी केली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले ते गुलामगिरी मोडण्याच्या लढ्यात झिजलेल्या अमेरिकी लोकांना. पुराणमतवादी लिंकनचा हा धागा अभिमानाने मिरवतात. राज्यांच्या अधिकारांची ढाल वर्णभेद टिकवायलाही वापरली गेली, हे मात्र त्यांच्या कथनात आखडते येते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत देणारा बॅरी गोल्डवॉटर त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार होता, आणि कृष्णवर्णीय मतदारांशी पडलेली ती फट अजून बुजलेली नाही.

'इथून घसरण सुरू झाली' असे दाखवायला पुराणमतवाद्यांचे आवडते वर्ष १९१३. त्या वर्षी सोळाव्या दुरुस्तीने केंद्राला प्राप्तिकर मिळाला, सतराव्या दुरुस्तीने सिनेटर थेट जनतेतून निवडले जाऊ लागले आणि डिसेंबरात फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँकव्यवस्था आली. राष्ट्राध्यक्ष होता वुड्रो विल्सन, राज्यशास्त्रातला डॉक्टरेट. १८८७ मधल्या निबंधात त्याने मांडले होते की प्रशासन हे राजकारणापासून वेगळे, तज्ज्ञांनी चालवायचे शास्त्र आहे. बदलत्या काळाला अठराव्या शतकातली यंत्रणा पुरणार नाही, असा विल्सनसारख्या प्रगतिवाद्यांचा सूर होता. १९२६ मध्ये जाहीरनाम्याच्या दीडशेव्या वर्षी राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिजने फिलाडेल्फियात त्याला उत्तर दिले: माणसे समान जन्मतात हे विधान अंतिम आहे, त्याच्या पुढे जाऊ म्हणणारा प्रत्यक्षात मागे जातो. पुराणमतवादी सभांमध्ये हे भाषण आजही उद्धृत होते.

खरी चकमक राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टच्या काळात झाली, आणि २७ मे १९३५ हा दिवस तर नीट पाहण्यासारखा आहे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तीन निकाल दिले; त्यांतले दोन इथे महत्त्वाचे. पहिला ब्रुकलिनच्या कोंबडीविक्रेत्यांचा. गिऱ्हाइकाने खुराड्यातली कोंबडी निवडून घ्यायची की हाताला येईल ती, इथपर्यंतचे नियम राष्ट्राध्यक्षांच्या मंजुरीने लागू झाले होते. काँग्रेसने आपला कायदे करण्याचा अधिकार असा दुसऱ्याच्या हवाली करू नये, म्हणून न्यायालयाने ते रद्द केले. दुसरा खटला विल्यम हम्फ्री या व्यापार आयुक्ताचा. तो होता पुराणमतवादी. रूझवेल्टने त्याला काढून टाकले आणि पुढे तो वारला, म्हणून थकलेल्या पगारासाठी त्याच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक कोर्टात गेला. अशा स्वतंत्र आयोगाच्या सदस्याला राष्ट्राध्यक्ष मनाला येईल तेव्हा काढू शकत नाही, असे न्यायालय म्हणाले. तेव्हा हा निकाल रूझवेल्टला बसलेली चपराक होती. आज पुराणमतवादी वकिलांना तोच सर्वांत जास्त खुपतो.

१९३७ मध्ये रूझवेल्टने न्यायाधीशांची संख्या वाढवण्याचा घाट घातला. बेत फसला, पण न्यायालयाचे वळण त्याच सुमारास बदलले. १९४२ च्या एका निकालावरून ते किती बदलले ते कळते. ओहायोतल्या रॉस्को फिल्बर्न या शेतकऱ्याला ११.१ एकर गव्हाची मुभा होती; त्याने २३ एकर पेरला. जादा २३९ बुशेलवर (बुशेल हे धान्याचे माप) दंड बसला ११७ डॉलर ११ सेंट. त्याचे म्हणणे, हा गहू बाजारासाठी नव्हताच. जनावरांना, घरच्या पिठाला आणि बियाण्याला ठेवला होता. न्यायालय म्हणाले, असे सगळ्यांनी केले तर बाजारातली मागणी घटेल, म्हणून हाही आंतरराज्य व्यापारच. घरच्या जात्यात जाणारा गहू जर केंद्राच्या अखत्यारीत येतो, तर बाहेर काय उरले, हा पुराणमतवाद्यांचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, आणि माझ्या मते त्यांच्या भात्यातला तो सर्वांत अणकुचीदार बाण आहे.

आज नियम तयार कसा होतो ते पाहिले की तक्रार नेमकी कळते. काँग्रेस 'हवा स्वच्छ ठेवावी' अशा धर्तीचा ढोबळ कायदा करते. तपशील एखादी केंद्रीय संस्था भरते: १९४६ च्या कार्यपद्धती कायद्यानुसार मसुदा राजपत्रात छापायचा, लोकांच्या हरकती मागवायच्या (मुदत बहुधा ३० ते ६० दिवस), त्यांची दखल घेऊन अंतिम नियम काढायचा, आणि छापल्यापासून सहसा किमान ३० दिवसांनी तो लागू करायचा. तो मोडला तर दंड कायद्याइतकाच खरा. पुष्कळ संस्थांमध्ये नियम करणारी, आरोप ठेवणारी आणि सुनावणी घेणारी कचेरी एकच असते. मॅडिसनने तिन्ही सत्ता एका हाती येण्यालाच जुलूम म्हटले होते. प्रतिवादही हलका नाही: औषधांची सुरक्षा किंवा विमानाचे सुटे भाग यांवर ५३५ लोकप्रतिनिधी ओळीओळीने कायदा लिहिणार कसे? आणि काँग्रेसला ढोबळ कायदा सोयीचाही असतो. श्रेय सभागृहात घ्यायचे, बोंब संस्थेच्या नावाने ठोकायची.

या तक्रारीला राजकीय बळ मिळाले १९५५ नंतर, संपादक विल्यम बकलीच्या 'नॅशनल रिव्ह्यू' या नियतकालिकाभोवती. मुक्त बाजारवाले, धर्मनिष्ठ आणि कम्युनिस्टविरोधी एका छपराखाली आले. १९८१ मध्ये रेगन म्हणाला, 'सरकार हा तोडगा नाही, सरकार हीच समस्या आहे.' त्याआधीचे 'या सध्याच्या संकटात' हे शब्द बहुतेक जण गाळतात; त्याला सरकार मोडायचे नव्हते, ताळ्यावर आणायचे होते. १९८२ मध्ये येल आणि शिकागोच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी फेडरलिस्ट सोसायटी ही पुराणमतवादी कायदेपंडितांची संघटना काढली. १९८५ मध्ये महाधिवक्ता एडविन मीज याने घटनेचा अर्थ मूळ हेतूनुसार लावा, असे जाहीर आवाहन केले. पण हेतू कोणाचा धरायचा, ५५ जणांचा? ही अडचण ओळखून न्यायाधीश अँटोनिन स्कॅलियासारख्यांनी कसोटी बदलली: त्या काळच्या सामान्य वाचकाला शब्दांचा जो अर्थ कळला असता, तो प्रमाण.

शेव्हरॉन या तेल कंपनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्याची गोष्ट इथे कळीची. १९८१ मध्ये रेगनच्या पर्यावरण संस्थेने कारखान्यांना सैल पडेल असा अर्थ लावला: संपूर्ण कारखाना म्हणजे प्रदूषणाचा एकच स्रोत. पर्यावरणवादी कोर्टात गेले आणि १९८४ मध्ये हरले. कायदा संदिग्ध असेल तर संस्थेने लावलेला वाजवी अर्थ न्यायाधीशांनी मान्य करावा, असे सूत्र ठरले. पुराणमतवादी तेव्हा खूश होते. उदारमतवादी न्यायाधीशांना लगाम बसला होता. मग सरकारे बदलत गेली, तसा त्याच कायद्याचा अर्थही दर चार-आठ वर्षांनी उलटू लागला. शेवटी ते सूत्र मोडले हेरिंग पकडणाऱ्या मच्छीमारांच्या खटल्यात. बोटीवरच्या सरकारी निरीक्षकाचा खर्च, दिवसाला ७१० डॉलरपर्यंत, बोटवाल्यानेच द्यावा असा नियम होता. कायद्यात मात्र तसे स्पष्ट लिहिलेले नव्हते. २८ जून २०२४ ला न्यायालयाने शेव्हरॉन रद्द केले. रद्द करणाऱ्यांत न्यायाधीश नील गॉर्सच होता. १९८१ मध्ये त्या पर्यावरण संस्थेची प्रमुख होती त्याची आई, अ‍ॅन गॉर्सच.

काँग्रेसच्या हातातली हत्यारे बोथट आहेत. १९९६ च्या एका कायद्याने नवा नियम दोन्ही सभागृहे साध्या बहुमताने रद्द करू शकतात. पण ठरावावर राष्ट्राध्यक्षाची सही लागते, आणि आपल्याच माणसांनी केलेला नियम कोण मोडेल? म्हणून ते सत्ताबदलानंतरच्या काही महिन्यांतच चालते. दुसरा मार्ग पाचव्या कलमाचा: ३४ राज्यांनी मागणी केली तर घटनादुरुस्तीसाठी परिषद, आणि तिच्या शिफारशींना ३८ राज्यांची मान्यता. ही वाट आजवर एकदाही वापरली गेलेली नाही. अनेक पुराणमतवाद्यांनाच तिची धास्ती वाटते. १७८७ ची परिषद जुनी व्यवस्था डागडुजायला बसली होती आणि नवीनच घर बांधून उठली.

धोक्यांच्या यादीत आता शाळाही आहे. जानेवारी २०२१ मध्ये देशभक्तीच्या शिक्षणासाठी नेमलेल्या ट्रम्पच्या '१७७६ आयोगा'ने, अमेरिकी तत्त्वांना धोका म्हणून, गुलामगिरी, फॅसिझम आणि कम्युनिझमच्या पंगतीला प्रगतिवाद आणि अस्मितेचे राजकारणही बसवले. इतिहासकारांच्या संघटनेने अहवालावर कोरडे ओढले आणि दोन दिवसांत बायडेनने आयोगच गुंडाळला. त्याचवेळी उजवीकडे एक नवा गट वाढत होता. त्याला संस्थापकांचा व्यक्तिस्वातंत्र्यवादच संशयास्पद वाटतो. राज्यसत्ता लहान करण्यापेक्षा ती हाती घेऊन समाजहित साधावे, असे तो म्हणतो.

या फुटीची झळ अमेरिकेतल्या मराठी घरांनाही लागली. २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने, एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या आईला तिथे झालेल्या मुलाचे जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारायचे ठरवले, वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील तर. समर्थक जन्माने नागरिकत्व देणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीतल्या 'अधिकारक्षेत्राच्या अधीन' या शब्दांचा १८६८ मधला अर्थ पुढे करतात. विरोधकही त्याच काळाचा अर्थ आणि चिनी आईवडिलांच्या, अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला नागरिक ठरवणारा १८९८ चा वाँग किम आर्क निकाल दाखवतात. तीन दिवसांत ज्याने तो आदेश सरळसरळ घटनाबाह्य ठरवून रोखला, तो सिअ‍ॅटलचा न्यायाधीश जॉन कफनौर, रेगननेच नेमलेला.

आणि हम्फ्रीचे भूत पुन्हा उठले आहे. मार्च २०२५ मध्ये ट्रम्पने त्याच व्यापार आयोगाच्या सदस्य रिबेका स्लॉटर यांना काढले, आणि डिसेंबरात त्यावर सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाला. कार्यकारी सत्ता घटनेने एका राष्ट्राध्यक्षाला दिली आहे, मग त्याच्या हाताखालचा अधिकारी त्याला काढता येऊ नये हे कसे, असा सरकारी पक्ष. १९३५ मध्ये रूझवेल्टच्या वकिलांनी मांडला होता तोच.