शेजाऱ्यांची सरासरी आणि अनंत आलेख

कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. असेच सरळ रस्ते एकमेकांना काटकोनात छेदत चारी दिशांना अनंतापर्यंत गेले आहेत अशी कल्पना करा, आणि प्रत्येक चौकाला एक संख्या अशी द्या की ती शेजारच्या चार चौकांच्या संख्यांची सरासरी असेल. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या जाळ्याला आलेख म्हणतात, आणि अशा मांडणीला आलेखावरील हार्मोनिक फल म्हणतात. सर्व चौकांना एकच संख्या दिली, की अट आपोआप पाळली जाते. पूर्वेकडे चौकागणिक एकेक वाढवत नेले तरीही ती पाळली जाते, मात्र तेव्हा संख्यांना मर्यादा राहत नाही. मग सर्व संख्या ० आणि १ यांच्या दरम्यान ठेवून त्या वेगवेगळ्या असू शकतील का?

नाही. चौकातली संख्या म्हणजे तेथून दर चौकात चिठ्ठी टाकून दिशा निवडत निघालेल्या वाटसरूला कितव्याही पावलावर भेटणाऱ्या संख्येची सरासरी. मधूनमधून जागीच थांबण्याची मुभा दिली (त्यामुळे मूळ अट बदलत नाही), तर शेजारच्या दोन चौकांतून निघालेल्या वाटसरूंच्या चाली अशा जुळवता येतात, की प्रत्येकाची चाल स्वतंत्रपणे पाहता यादृच्छिकच राहते आणि तरीही ते कधीतरी नक्की एकत्र येतात. त्यामुळे दोन्ही चौकांच्या संख्या समान असणे भाग पडते. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९२१ साली दाखवले, की प्रतलावरचा असा वाटसरू मूळ जागी नक्की परततो, पण त्रिमितीय जाळीत परतण्याची शक्यता सुमारे ३४ टक्केच असते. विशेष म्हणजे हरवण्याची शक्यता असूनही त्रिमितीत निष्कर्ष तोच राहतो, कारण हरवलेला वाटसरू कोठून निघाला याची खूण शेवटी उरत नाही.

जेथे प्रत्येक बिंदूपासून तीन फांद्या फुटतात आणि वाट फिरून कधीच जुळत नाही, त्या अनंत वृक्षावर मात्र चित्र पालटते. तोही प्रत्येक बिंदूवरून सारखाच दिसतो. त्यातली एक कडी (दोन शेजारी बिंदूंना जोडणारी रेषा) निवडा आणि प्रत्येक बिंदूला ‘येथून निघालेला वाटसरू अखेर कडीच्या उजव्या भागात राहण्याची शक्यता’ ही संख्या द्या. कडीच्या उजव्या टोकाला २/३, डाव्या टोकाला १/३, उजवीकडच्या पुढच्या दोन्ही बिंदूंना ५/६ येते. आणि १/३, ५/६, ५/६ यांची सरासरी बरोबर २/३ भरते. येथे फांदीत खोलवर शिरलेला वाटसरू बहुधा मागे वळत नाही, म्हणून सुरुवातीची खूण टिकते.

या संख्यांचा उपयोग दूरवर पोहोचतो. ज्या गटाच्या (एकापाठोपाठ करता येणाऱ्या आणि उलटवता येणाऱ्या क्रियांच्या संचाच्या) आलेखात एका बिंदूपासूनच्या त्रिज्येबरोबर बिंदूंची संख्या तिच्या एखाद्या घाताच्या मर्यादेतच वाढते, त्याच्या रचनेविषयी मिखाईल ग्रोमोव्ह यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमेयाची नवी सिद्धता ब्रूस क्लाइनर यांनी मर्यादित गतीने वाढणाऱ्या हार्मोनिक फलांवरूनच दिली.