मागची सीट काढली म्हणून व्हॅन होत नाही: एसयूव्ही मालवाहू करण्याआधी

गणपतीच्या आधी दोन महिने हा प्रश्न हमखास येतो. केटरिंगवाले, मंडपवाले, पाण्याचे जार पोचवणारे विचारतात, "घरची एसयूव्ही आहे, मागच्या सीटा काढून प्लायवूड टाकलं, मागे ट्रेलर ओढायला हुक लावला, तर टेम्पोचा खर्च वाचेल ना?" गॅरेजवाला हे काम दोन दिवसांत करून देतो. अडचण आरटीओत सुरू होते.

ब्रिटनमध्ये अशा गाड्या कारखान्यातूनच निघतात. टोयोटा लँड क्रूझर कमर्शियल किंवा लँड रोव्हर डिफेंडर हार्ड टॉप घेतली तर मागे सीट नसतेच, सपाट फळी असते. डिफेंडर हार्ड टॉप तर 3500 किलोपर्यंतचा ब्रेकवाला ट्रेलर ओढते. तिथल्या गाडीचे व्हिडिओ बघून आपल्याकडे करवत लावू नका. ती गाडी मालवाहू म्हणूनच तपासून मंजूर झालेली असते, तुमची तशी नसते.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 लागू होतं. आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. मान्यताप्राप्त सीएनजी किटसारखे अपवाद आहेत. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला कलम 182अ खाली 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पहिला कागद गॅरेजचं कोटेशन नाही. तुमच्या मॉडेलला मालवाहू प्रकारात एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता आहे का, हे उत्पादकाकडून लेखी घ्या. नसेल तर पुढचं वाचून फारसा उपयोग नाही, सरळ पिकअप बघा.

आता जागा आणि वजन. इथे सगळ्यांची फसगत होते, म्हणून थोडं सावकाश.

मागे किती लिटर जागा झाली याला आरटीओ विचारत नाही. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि ग्रॉस वेट, म्हणजे मालासकट गाडीचं जास्तीत जास्त मंजूर वजन. ग्रॉसमधून रिकामं वजा केलं की उरतं ते तुमचं पासिंग. कायद्यात रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि मदतनीस धरलेले नसतात, त्यामुळे तेही या पासिंगमधूनच जातात. समजा रिकामं वजन 1700 आणि ग्रॉस 2300 किलो आहे. उरले 600. ड्रायव्हर आणि पोऱ्या मिळून 140 गेले, राहिले 460. पाण्याचा 20 लिटरचा भरलेला जार साधारण 21 किलोचा. म्हणजे 21 जार. मागे 35 जार आरामात मावतील, पण 21 च्या पुढे ओव्हरलोड. कलम 194 प्रमाणे ओव्हरलोडला 20000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2000, शिवाय माल उतरवायचा खर्च तुमचाच. "स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतो" हे उत्तर आरटीओला चालत नाही. पाटे वाढवून ग्रॉस वेट वाढत नाही, फक्त गाडी बसलेली दिसत नाही.

सीट काढल्यावर गाडी थोडी हलकी होते हे खरं, पण प्लायवूड, लोखंडी जाळी आणि अँगल तेवढंच वजन परत घालतात. कोणत्याही वजनकाट्यावर रिकामी आणि भरलेली अशा दोन पावत्या घेऊन बघा.

ओढण्याचं गणित वेगळं आहे. ट्रेलर हे कायद्यानं स्वतंत्र वाहन, त्याची नोंदणी वेगळी आणि विमाही वेगळा बघावा लागतो. गाडी किती ओढू शकते ते मालकाच्या पुस्तिकेत असतं, ब्रेकवाल्या आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी निरनिराळं. ट्रेलरचा जो भार हुकवर खाली दाबतो तो पासिंगमध्येच मोजायचा, हे कोणी सांगत नाही. मुंबईत पार्किंगचा विचार केला तर ट्रेलर ही मला तशीही हौसच वाटते.

मान्यतेचं पत्र हाती आलं की बदल करण्याआधी अर्ज. परिवहनच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चॅसीचे शेवटचे पाच आकडे टाकून बदलाच्या सेवेत जायचं. मुंबईतली कार्यालयं ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवली, तुमच्या नोंदणीचं जे असेल ते. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा, मान्यतेची प्रत, चॅसी नंबरचा पेन्सिलनं घासलेला ठसा आणि गॅरेजचा तपशील ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती लागते, आणि तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो. थकलेली ई-चलनं आधी भरून टाका. शुल्क पोर्टलच दाखवतं. परवानगी मिळाल्यावर काम करून 14 दिवसांत कळवायचं, मग मोटार वाहन निरीक्षक गाडी बघतात आणि आरसीवर नवा तपशील चढतो.

मालवाहू झाली की नंबरची पाटी पिवळी, आणि फिटनेस तपासणी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. ग्रॉस 3000 किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. छोट्या धंद्याला ही मोठी सोय आहे.

विम्याचं मात्र नोंदणीआधीच विचारा. खासगी कारची पॉलिसी नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून बाकी मालवाहतूक वगळते. पांढऱ्या पाटीवर जार भरून निघालात आणि ठोकलीत, तर विमा कंपनी पहिल्यांदा मागच्या सीटा कुठे गेल्या ते विचारेल.