नर्सिंग झेपेल का? भीतीचं आणि अभ्यासाचं विज्ञान

नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचा आनंद साधारण पहिल्या इंटर्नल परीक्षेपर्यंत टिकतो. मग पेडण्यात, साखळीत, वाळपईत कुठल्या ना कुठल्या घरात रात्री जेवताना तो प्रश्न निघतोच, "आई, मला हे झेपणार ना गो?" आई म्हणते, "सगळ्यांना झेपतं, तुला का नाही झेपणार?" उत्तर मायेचं आहे, पण त्याने मुलीची झोप परत येत नाही. कारण तिला जे जड वाटतंय ते खरोखरच जड आहे.

बी.एस्सी. नर्सिंग म्हणजे 4 वर्षं, 8 सत्रं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या सध्याच्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचे मूलभूत धडे एकदम अंगावर येतात. थिअरीला 80 टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडायच्या आधी प्रॅक्टिकलची हजेरी 100 टक्के भरावी लागते. गोव्यातल्या पुष्कळ मुलामुलींची प्राथमिक शाळा मराठी, पुढचं शिक्षण इंग्रजी. बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात एक पेशंट कोकणीत बोलतो, सिंधुदुर्गातून आलेला शेजारचा मराठीत, तिसरा कन्नड वळणाच्या हिंदीत, आणि रिपोर्ट लिहायचा इंग्रजीत. हे सगळं अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, पोस्टिंगवरून, म्हणजे इस्पितळातल्या कामावरून, दमून आल्यावर.

तेव्हा "काही कठीण नाही" असं कुणाला सांगू नये. बघायचं ते वेगळंच. कठीण वाटतंय यावरून मुलगी जो निष्कर्ष काढते, "म्हणजे मी यासाठी नाही", तो बरोबर आहे का? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतलं स्मरणाचं आणि भीतीचं संशोधन पाहिलं तर तो बऱ्याचदा चुकीचा असतो. अभ्यास नीट चाललाय की नाही हे मोजायला 'सोपं वाटणं' हे माप फार कच्चं आहे.

आधी भीती डोक्यात नेमकं काय करते ते पाहू. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली 'कार्यकारी स्मृती'ची कल्पना मांडली. आत्ता या क्षणी जे डोक्यात धरून आपण विचार करतो ती ही स्मृती. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी ती असते. फडताळात सामान कितीही असो, ओट्यावर एका वेळी मावतं थोडंच. 2001 साली नेल्सन कोवन यांनी तोवरचे प्रयोग तपासून तिची मर्यादा साधारण चार गोष्टींची असल्याचं दाखवलं. काळजी त्याच ओट्यावर जागा अडवते.

हे प्रत्यक्ष बघायचं तर सलाईनचं गणित घ्या. ट्यूटर मॅडम शेजारी उभ्या आहेत. 1000 मिली सलाईन 8 तासांत द्यायचंय, सलाईनच्या नळीच्या सेटचे 20 थेंब म्हणजे 1 मिली. मिनिटाला किती थेंब सोडायचे? मुलीला डोक्यात धरायचंय ते इतकंच: किती मिली, किती थेंब, किती वेळ, आणि तासांची मिनिटं करायची. बरोबर चार गोष्टी झाल्या. त्यात पाचवी येऊन बसते, "चुकले तर मॅडम सगळ्यांसमोर बोलतील." मग चारांतली एखादी गळते, बहुधा मिनिटांची. 1000 गुणिले 20 म्हणजे 20,000, भागिले 8, उत्तर 2,500. मिनिटाला अडीच हजार थेंब! एरवी हीच मुलगी या आकड्याला हसली असती. आत्ता तिला तो वेडगळ आहे हे दिसतसुद्धा नाही, कारण पडताळून बघायला ओट्यावर जागाच उरलेली नाही.

यावरचा उपाय म्हणून धीराचे चार शब्द फारसे पुरत नाहीत. चारही आकडे आधी कागदावर उतरवायचे, म्हणजे डोक्यातली जागा मोकळी होते. '8 तास म्हणजे 480 मिनिटं' हे इतक्या वेळा करायचं की त्यासाठी विचारच करावा लागू नये. 20,000 भागिले 480, म्हणजे 41.67, म्हणजे मिनिटाला 42 थेंब. मग घड्याळ हातात धरून थेंब मोजायचे: 15 सेकंदांत दहा-अकरा पडले की वेग बरोबर. मायक्रोड्रिप, म्हणजे बारीक थेंबांच्या, सेटला 60 थेंबांचा 1 मिली होतो आणि तासाची मिनिटंही 60, त्यामुळे तिथे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. हे एकदा उमगलं की ते गणित आयुष्यभर पाठ करावं लागत नाही. मला हा भाग फार आवडतो. असं काही समजल्यावर भीतीला अडवायला तेवढी जागा कमी उरते.

आता शरीराकडे येऊ. व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दाराशी छाती धडधडते, हात गार पडतात, तोंड कोरडं पडतं. हा ॲड्रेनलिनचा खेळ, आणि त्यात बिघाड असा काही नसतो. रक्त स्नायूंकडे वळवायची ती शरीराची नेहमीची रीत आहे. 1908 साली यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर प्रयोग केले. सोपं काम उंदीर विजेच्या जास्त तीव्र झटक्याने लवकर शिकले, अवघड काम मात्र मध्यम झटक्यानेच नीट शिकले. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लावू नये, आणि या प्रयोगाचा पुढे भलताच विस्तार केला गेला हेही खरं. पण जे काम अजून नवं आणि किचकट आहे तिथे घबराट जास्त नडते, हाताला बसलेल्या कामात कमी नडते, एवढं वॉर्डात रोज दिसतं. नवख्या हाताला बीपीचा कफ बांधतानाही घाम फुटतो. सीनियर सिस्टर आणीबाणीतही तो बोलता बोलता बांधते.

गोव्यात या बाबतीत एक गोष्ट घरोघरी सांगतात. कांदोळीत 1756 साली जन्मलेले आबे फारिया तरुणपणी पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभे राहिले आणि समोरची मातब्बर मंडळी पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा वडिलांनी खालून हळूच कोकणीत म्हटलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि पोराची जीभ सुटली. दंतकथेत खरं किती ते असो. पुढे याच फारियांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि ठासून सांगितलं की संमोहन घडतं ते कुठल्या चुंबकीय द्रवामुळे नाही, ज्याला संमोहित करतात त्याच्याच मनामुळे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे, तो याच कामगिरीबद्दल.

फारियांच्या या विचाराच्या जवळ जाणारं काम 2014 साली ॲलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेने प्रसिद्ध केलं. गाणं, भाषण किंवा गणिताची परीक्षा यांच्या आधी काहींनी स्वतःला "मी शांत आहे" असं सांगितलं, काहींनी "मला हुरूप आलाय" असं. हुरूप म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधडणारी छाती शांत करायला वेळ लागतो, पण त्या धडधडीला उत्साहाचं नाव द्यायला लागत नाही. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहिली तर गुण वाढतात, असा 2011 सालचा एक प्रयोगही खूप गाजला. 2018 साली इतर संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. लिहून मोकळं वाटत असेल तर खुशाल लिहा, गुण वाढतील या आशेने मात्र मी ते कुणाला सांगणार नाही.

सर्वांत जास्त काळजी पाठांतराची असते. "वाचते तेव्हा सगळं कळतं, दोन दिवसांनी कोरी!" ही तक्रार दरवर्षी ऐकू येते, आणि त्यातून मुली स्वतःला मठ्ठ ठरवून मोकळ्या होतात. खरं तर विसरणं हा मेंदूचा नियम आहे. हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला. सुरुवातीला घसरण वेगाने होते, मग मंदावते. हा आलेख मठ्ठांनाही लागू आणि हुशारांनाही.

घसरण थोपवायची कशी, हे सांगणारा प्रयोग रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 साली केला. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानंतर चित्र उलटलं: परत वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. पुढच्या प्रयोगात ज्यांनी चार वेळा नुसतं वाचलं होतं त्यांनाच आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा होता, आणि आठवड्याने तेच मागे पडले.

पिवळ्या-गुलाबी मार्करने रंगवलेलं पान तिसऱ्यांदा वाचताना फार बरं वाटतं, सगळं ओळखीचं लागतं. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. उलट पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर हृदयाची चार दालनं काढायला बसलं की पाचव्या मिनिटाला अडायला होतं आणि रडू येतं. शिकणं मात्र त्या अडण्यातच होतं. रॉबर्ट बियॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी 1994 साली अशा अडचणींना 'हव्याशा अडचणी' म्हटलं. ज्या संध्याकाळी मुलीला वाटतं की आपल्याला काहीच येत नाही, ती संध्याकाळ बहुधा तिच्या अभ्यासाची सर्वांत कामाची असते. हे कुणीतरी पहिल्याच महिन्यात सांगायला हवं.

म्हणून चवथीच्या सुट्टीत सहा जाडजूड पुस्तकं बॅगेत कोंबून घरी नेण्यापेक्षा कोरी वही न्यावी. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा, म्हणजे क्रेनियल नर्व्ह, न बघता लिहाव्यात, चुकलेल्याच फक्त पुस्तकात बघाव्यात, तीन दिवसांनी परत लिहाव्यात, मग आठवड्याने. कदंबच्या बसमध्ये पेडण्याहून पणजीला येईपर्यंत एक केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेचा आराखडा, मनातल्या मनात मांडून होतो. झोपेचं एका वाक्यात सांगते: दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री जागून मिळवलेल्यापेक्षा गमावलेलं जास्त असतं.

एक भीती मात्र मुली कुणाला सांगत नाहीत, रक्त बघून चक्कर येण्याची. पहिल्या ड्रेसिंगला डोळ्यांपुढे अंधारी आली की "मी नर्स कशी होणार" हा विचार पक्का होतो. यात शरीरात घडतं असं: आधी नाडी आणि रक्तदाब थोडे वर जातात, मग हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस नर्व्हच्या प्रभावाने दोन्ही एकदम खाली येतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. इतर भीतीत रक्तदाब वाढलेला राहतो, या एका भीतीत तो पडतो. म्हणून "दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड" हा नेहमीचा सल्ला इथे उलटा पडू शकतो. स्वीडनचे लार्स-यॉरन अस्ट यांनी 1980च्या दशकात यावर साधी पद्धत बसवली. हात, पाय आणि धड यांचे स्नायू 10 ते 15 सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडायचे, 20-30 सेकंदांनी पुन्हा, असं पाच वेळा. त्याने रक्तदाब वर राहतो. घरी बसून सराव करावा, वॉर्डात उपाशीपोटी जाऊ नये, आणि अंधारी आलीच तर लाज न बाळगता खाली बसावं, आडवं होऊन पाय वर घ्यावेत. सरावाने पुष्कळांची ही चक्कर जाते.

काळजीलाही एक हद्द असते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न नको वाटतं, रोज रडू येतं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं, असं असेल तर त्याला अभ्यासाच्या युक्त्या पुरणार नाहीत. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, जवळच मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, आणि टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. उद्या याच मुली पेशंटला "आधी का नाही आलात?" असं विचारणार आहेत. त्यांनी स्वतः उशीर करू नये.

आणि आईवडिलांनी "किती वाचलंस?" विचारणं सोडावं. रात्री जेवण झाल्यावर "रक्त हृदयात कुठून येतं आणि कुठे जातं, सांग बघू आम्हाला," असं म्हणावं. मराठीत सांगो की कोकणीत, समोरच्याला सगळं कळलंच पाहिजे असं नाही. सांगता सांगता ती जिथे थांबेल, झोपण्याआधी तेवढंच पान तिने उघडावं.