दशावतारी नाटक

दशावतारी नाटक हा दक्षिण कोकणातील लोकनाट्यप्रकार. मालवणीत त्याला ‘धयकालो’ म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्हा (१९८१ पर्यंत रत्नागिरीचाच भाग) आणि त्याला लागून असलेला गोवा हे त्याचे मुख्य क्षेत्र. भातकापणी उरकली, की कार्तिकापासून गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू होतात. पालखीची प्रदक्षिणा झाली, की मध्यरात्रीच्या सुमारास नाटक उभे राहते ते उजाडेपर्यंत चालते. पहाटे दहीहंडी फुटते, तोच ‘दहीकाला’. ‘धयकालो’ हे नाव त्यावरूनच पडले.

दहा अवतारांचे नाव असले तरी रंगमंचावर दहा अवतार येत नाहीत. पूर्वरंगात, म्हणजे ‘आडदशावतारा’त, ऋद्धी-सिद्धींसह गणपती येतो, भटजी त्याची पूजा सांगतो, मग मोरावरची सरस्वती, ब्रह्मदेव, आणि त्याचे वेद पळवणारा संकासुर. विष्णू त्याला मारतो आणि अवतारकथा मत्स्यापाशीच आटोपते. उत्तररंगातले पौराणिक आख्यान हे खरे रात्रभराचे नाटक.

संहिता लिहिलेली नसते. कोणते आख्यान लावायचे हे त्या संध्याकाळी ठरते. कोणी कोणाला अडवायचे, युद्ध कुठे लागायचे एवढे रंगपटात, म्हणजे नटांच्या रंगायच्या जागेत, बोलून घेतात आणि संवाद उभ्या-उभ्या रचतात. पायपेटी, पखवाज आणि झांज एवढीच वाद्ये. पेटीवर बसलेला सूत्रधार पदे म्हणतो. नट भरकटला, तर त्याला पदाच्या एका ओळीत कथेवर आणून सोडण्याचे कामही त्याचेच. नेपथ्य म्हणजे कापड टाकलेले एक लाकडी बाक: राजा बसला की सिंहासन, ऋषी बसला की आश्रम, त्यावर उभे राहून बाण मारला की रथ. इतक्या कमी खर्चात इतके महापराक्रमी नायक दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतील.

या नायकांचे माणूसपण मात्र कोणी लपवत नाही, आणि प्रेक्षकाला गंमत वाटते ती त्याचीच. रंगपट म्हणजे बहुतेकदा देवळाजवळची एखादी पडवी. पोरे दाराशी गर्दी करून आत पाहतात: लुंगी नेसलेला एक माणूस हातात आरसा धरून गालांना रंग लावतो आहे, भुवया कोरतो आहे, शेवटचा विडीचा झुरका घेऊन किरीट डोक्यावर चढवतो आहे. घटकाभराने तोच इंद्र होऊन बाहेर येतो आणि मघाची पोरे दचकून बाजूला सरकतात. परंपरेने सगळ्या भूमिका पुरुषच करतात. स्त्रीपार्ट करणाऱ्याला हंगामभर मिशी ठेवता येत नाही. दासबोधातही दशावतारी खेळाचा उल्लेख आहे. तिथे येणाऱ्या सुंदर नारी म्हणजे ‘अवघे धटिंगण’, असा टोला समर्थ रामदास हाणतात. म्हणजे सतराव्या शतकातही हा खेळ आणि त्यातले हे गुपित, दोन्ही लोकांच्या चांगल्या ओळखीचे होते.

‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण या नटांवरूनच आली. गाड्या नव्हत्या तेव्हा कपड्यांचे पेटारे डोक्यावर घेऊन ते एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला चालत जात. आता टेम्पो आहे. म्हण मात्र जुनी झालेली नाही. बहुतेक नट पावसाळ्यात शेती किंवा मजुरी करतात. रात्री ज्याच्यापुढे माणसे हात जोडतात, त्याला सकाळी उधारीसाठी दुकानदारापुढे उभे राहावे लागणे यात कोणाला विसंगती वाटत नाही. नटाला ती वाटत असावी.

विनोदाचा भार संकासुरावर असतो. पायापर्यंत काळा पोशाख, चेहरा झाकणारा काळा बुरखा आणि त्यातून लोंबणारी लाल जीभ. चेहरा दिसतच नसल्याने सगळे काम आवाजाचे आणि अंगविक्षेपांचे. देव आणि राजे पुस्तकी मराठी बोलतात. हा राक्षस मात्र ठेठ मालवणीत बोलतो. सूत्रधाराने नाव-गाव विचारले, की गावच्या रस्त्यापासून मानकऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळे उकरून काढतो. ‘वेद चोरलंय खरे, पण माका वाचूक खंय येतत?’ अशा थाटाची कोपरखळी मारली, की देवळापुढचे अंगण खदखदते. एरवी जे तोंडावर बोलता येत नाही ते बुरख्याआडून बोलता येते, हा संकासुराचा जुना परवाना. रत्नागिरीकडे शिमग्यात खेळ्यांबरोबर, म्हणजे नाचत-गात फिरणाऱ्या मंडळींबरोबर, येणारा संकासुर त्याचाच भाऊबंद. तिथे तो अंगणाअंगणांतून नाचतो.

मोचेमाडकर, वालावलकर, आरोलकर, पार्सेकर, खानोलकर, चेंदवणकर ही जुनी, नावाजलेली मंडळे. त्यांच्या जत्रा परंपरेने ठरलेल्या असतात. नटांत बाबी नालंग आणि बाबी कलिंगण यांची नावे आजही आदराने घेतात. कर्नाटकातल्या यक्षगान या लोकनाट्याशी या प्रकाराचे नाते काही अभ्यासक जोडतात, काही ते नाकारतात. पोशाखातले आणि युद्धनृत्यातले साम्य मात्र पाहताक्षणी जाणवते.

अलीकडे धूर, रंगीत दिवे आणि आकाशातून उतरणारे देव असलेली ‘ट्रिकसीन’ नाटके लोकप्रिय झाली आहेत. त्यांत संवादाची धार बोथट होते, अशी जुन्या रसिकांची तक्रार असते, आणि ती अगदीच खोटी नाही. जत्रांचा हंगाम संपला, की वेगवेगळ्या मंडळांतले नामवंत नट एकत्र येऊन ‘संयुक्त दशावतार’ करतात, मुंबईतल्या नाट्यगृहांतही. यातल्या कित्येकांनी एकमेकांसमोर आधी कधी काम केलेले नसते. पुराण सगळ्यांना पाठ असते आणि सूत्रधार पेटीवर बसलेला असतो. तालमीवाचून नाटक उभे राहते.